भेट पूर्ण झाली, धन्यवाद

आमच्या साहेबांना लिहिता येत नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी त्यांना फक्त बोलताना ऐकलं होतं. बोलताना ते हात इतके हलवतात, की वाक्यात काहीच नाही हे समोरच्याच्या लक्षात येत नाही.

मी सैन्यात सिग्नलला होतो. हवालदार होऊन रिटायर झालो, पण साताऱ्यात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, तसं मलाही म्हणतात. कऱ्हाडजवळ आमचा ऊस आहे. तो भाऊ बघतो, आणि एका उसाकडे बघायला दोन माणसं लागत नाहीत. म्हणून सांगलीजवळ माधवनगरला एका कंपनीत गाड्यांचा सुपरवायझर म्हणून लागलो. जुन्या कापड गिरणीच्या शेडला काचा लावून, एसी बसवून केलेलं ऑफिस. काम मात्र चांगलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी फारसं चांगलं बोलणार नाही. कुणाची गाय, म्हैस, मेंढरं आजारी पडली की त्यानं फोन करायचा आणि आमच्या डॉक्टरांची गाडी त्याच्या दारात जायची. एक गाडी लोणंदला असायची, एक दहिवडीला, दोन सांगलीकडे.

फोन घ्यायला एक बाई होत्या. पन्नाशीच्या, माहेर माण तालुक्यातलं, सासर मिरजेकडचं. फोन उचलला की त्या आधी एकच विचारायच्या, "जनावर उभं हाय का बसलंय?" नाव, गाव, पत्ता सगळं नंतर. बसलेलं असेल तर गाडी आधी तिकडं. एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी आमच्या चारही गाड्या दोन वर्षं नीट पळवल्या होत्या. साहेबांना तो प्रश्न गावंढळ वाटायचा.

मग साहेब बंगळूरच्या कुठल्यातरी परिषदेला जाऊन आले आणि आता फोन एआय एजंट घेणार, असं त्यांनी जाहीर केलं. आमच्याकडे एजंट म्हणजे एक तर विम्याचा, नाहीतर जमिनीचा. लोणंदच्या ड्रायव्हरनं मला विचारलंही, "कमिशन किती घेणार म्हणे ह्यो?" मी त्याला दटावलं, पण मलाही काही ठाऊक नव्हतं.

मला समजावलं ते आमच्या इंजिनियर मुलीनं. मुलगी म्हणतो, पण तिशी ओलांडलेली, सांगलीचीच. तिनं सोपं करून सांगितलं. "काका, या एजंटला बोलता येतं, ऐकता येतं. पण त्याला हात नाहीत. आपण त्याला हात द्यायचे. त्याला टूल म्हणतात. भेट ठरवायचं एक टूल, गाडी कुठं आहे ते बघायचं एक, भेट संपवायचं एक. प्रत्येक टूलच्या आत काय आहे, ते त्याला दिसत नाही. त्याला फक्त टूलचं नाव दिसतं आणि त्याखाली आपण लिहिलेलं वर्णन. ते वाचून तो ठरवतो, आत्ता कुठलं वापरायचं."

"म्हणजे वर्णन चुकलं तर?"

"तर तो चुकीचं टूल उचलणार. आणि अगदी आत्मविश्वासानं."

मला हे लगेच पटलं. वायरलेसवर बसलेल्या जवानाला डोंगरापलीकडचं काही दिसत नसतं. त्याच्या हातात येतो तो कागद, आणि कागदावर जे लिहिलं ते तो करतो. त्यामुळे कागद लिहिणाऱ्यानं डोकं जागेवर ठेवून लिहायचं असतं.

आमचा कागद साहेबांनी स्वतः लिहिला. म्हणाले, "हे ब्रँडचं काम आहे, मीच करतो." शेतकरी मराठी, म्हणून वर्णनंही मराठीत, असा बाणाही दाखवला. दोन दिवस दार बंद करून बसले आणि मग आम्हा सगळ्यांना वाचायला दिलं. ‘भेट संपवा’ या टूलखाली त्यांनी लिहिलं होतं: "भेटीविषयी पशुपालकाचा प्रतिसाद प्राप्त होताच भेटीचा प्रवास समाधानकारकरीत्या पूर्णत्वास नेणारे अत्याधुनिक, पशुपालक-केंद्री साधन."

आणखी दोन टूलं होती, ‘पशुपालक साहाय्य’ आणि ‘पशुपालक साहाय्य प्लस’. दोन्हींचं वर्णन शब्दन् शब्द सारखं, फक्त दुसऱ्यात ‘सर्वसमावेशक’ जास्त. इंजिनियरनं विचारलं, "सर, या दोघांत फरक काय?" साहेब म्हणाले, "प्लसमध्ये व्याप्ती आहे."

आता यातला माझा वाटा सांगतो. मी ते सगळं वाचलं होतं. ‘भेटीचा प्रवास’ वाचून मला हसू आलं. मी फोनवाल्या बाईंनाही ते वाचून दाखवलं, आम्ही दोघं खूप हसलो, आणि मग मी खाली ‘वाचले’ म्हणून सही केली. फौजेत असा आदेश माझ्या हाताखालच्या पोरानं लिहिला असता तर मी तो त्याच्यासमोर फाडला असता. इथं मात्र मी सही केली, कारण साहेबांची थट्टा मागं करणं सोपं होतं आणि तोंडावर बोलणं अवघड. शिवाय मला वाटलं, हे वाचणार कोण? वाचणारं यंत्र होतं, आणि त्याला थट्टा कळत नव्हती. त्यानं साहेबांचं प्रत्येक अक्षर खरं मानलं.

फोनवाल्या बाईंना कोपऱ्यातलं टेबल मिळालं, वर ‘तक्रार निवारण’ अशी पाटी. जुना नंबर तेवढा त्यांच्याकडे राहिला. महिनाभर तो वाजला नाही. साहेब त्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायचे, "बघा, एकही तक्रार नाही." नवा नंबरच सगळीकडे छापला होता आणि तक्रारीही तिथंच जात होत्या, हे पाहुण्यांना कोण सांगणार?

एका दुपारी बाई माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा उतरलेला.

"मेजर, आवं इकडं या जरा. माणातली बाई हाय फोनवर, जुन्या नंबरावर. माझ्या माहेराकडची न्हाई, पुढची हाय. चार दिस झालं फोन करतीया म्हणती. आपलं यंत्र म्हणतंय, भेट झाली, धन्यवाद. तिच्याकडं कोण सुदिक गेलेलं न्हाई."

मी फोन घेतला. पलीकडची बाई रडत नव्हती, ओरडतही नव्हती. थकलेल्या आवाजात म्हणाली, "सात मेंढरं मेली. अजून आठ-धा बसल्यात. येणार असला तर या, न्हाईतर तसं सांगा, म्हंजी मी वाट बगत न्हाई."

दहिवडीची गाडी तिच्या वस्तीपासून अर्ध्या तासावर उभी होती. ड्रायव्हर आणि डॉक्टर चहा पीत होते, कारण त्यांच्या फोनवरच्या यादीत त्या दिवशी काही नव्हतं. मी त्यांना तिथूनच पिटाळलं. मग इंजिनियरला घेऊन त्या बाईच्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकायला बसलो.

पहिला कॉल ठीक होता. यंत्रानं नाव-गाव विचारलं, दुसऱ्या दिवशीची भेट ठरवली. दुसऱ्या दिवशी गाडी आधीच्या गावात अडकली, उशीर झाला, म्हणून दुपारी बाईनं पुन्हा फोन केला.

"डॉक्टर आलं न्हाईत अजून. मेंढरांचं तोंड आलंय, नाकातनं पाणी गळतंय."

यंत्राचा आवाज बाईचा, फार गोड. "भेटीविषयी कळवल्याबद्दल आभारी आहोत. आपली भेट पूर्ण झाल्याची नोंद केली आहे. धन्यवाद."

"आवं, पन आलंच न्हाईत की!"

"आपला प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे. आपल्या मेंढ्यांना शुभेच्छा."

इंजिनियरनं रेकॉर्डिंग थांबवलं. मग ती म्हणाली, "काका, त्यानं अगदी लिहिल्याप्रमाणं केलंय. भेटीविषयी प्रतिसाद प्राप्त झाला. भेट पूर्णत्वास नेली." एकदा भेट संपली की ती ड्रायव्हरच्या यादीतून जाते. पुढच्या तिन्ही फोनना यंत्रानं तीच संपलेली भेट शोधून काढली आणि बाईला तेच ऐकवलं, दर वेळी आणखी नम्रपणे.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः माणात गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. वाटेत विट्याला चहा घेतला. माफी मागायची एवढं ठरवलं होतं, पण कशाची, हे तिला कसं सांगायचं ते ठरलं नव्हतं.

वस्तीवर एक दगडी घर, पुढं काट्याकुट्यांचं कुंपण घातलेला वाडा, आत मेंढरं. डॉक्टर आदल्या संध्याकाळी येऊन सुया टोचून गेले होते आणि परत सकाळीही आले होते. तोवर नऊ गेली होती. बाई चाळिशीची असेल. नवरा मुंबईला बंदरात हमालीला. एक मेंढी अंगणात बसली होती, तिच्या तोंडाला ती बोटानं काहीतरी लावत होती. मी ओळख सांगितली. तिनं बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं.

"चूक आमची झाली," मी म्हणालो.

"तुमची कशानं? ती फोनवरची बाई. लय ग्वाड बोलती. पन ऐकत न्हाई."

"ती बाई नाही. यंत्र आहे."

ती हसली नाही की चकितही झाली नाही. मेंढीचं तोंड सोडून माझ्याकडं बघत म्हणाली, "बरं, यंत्र तर यंत्र. त्येला कामाला लावताना कुनी सांगितलं न्हवतं व्हय, की डॉक्टर आला न्हाई म्हंजी काय?"

फौजेतल्या सगळ्या वर्षांत मला कुणी एवढ्या नेमक्या शब्दांत झापलं नव्हतं. आणि ती झापतही नव्हती, सरळ विचारत होती.

सोमवारी साहेबांनी मीटिंग घेतली. मेलेल्या मेंढरांना ते ‘इन्सिडंट’ म्हणत होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मॉडेल कमकुवत आहे. मोठं घेऊ." मॉडेल म्हणजे एजंटचं डोकं, हे मला तोवर कळलं होतं.

"सर," इंजिनियर म्हणाली, "मॉडेलनं जे वाचलं तेच केलं. वर्णन बदलायला पाहिजे. आणि तोवर हे टूल बंद ठेवू."

"बंद कसं ठेवणार? पुढच्या आठवड्यात पाहुणे येणार आहेत."

त्या मुलीनं तिथं वाद घातला नाही. जागेवर जाऊन तिनं गुपचूप एवढं केलं की ‘भेट संपवा’ वापरलं की भेट संपण्याआधी फोनवाल्या बाईंच्या टेबलावर निरोप यावा आणि त्यांनी पशुपालकाला विचारून होकार दिला तरच ती संपावी. साहेबांना हे कळलं नाही. त्यांना कळेल अशी आम्हाला भीतीही नव्हती.

मोठं मॉडेल आलं. इंजिनियरनं त्याला माणच्या बाईचं तेच बोलणं ऐकवलं, टूलखालचं वर्णन तेच. मोठ्या मॉडेलनं भेट संपवलीच, पण आधी मेंढ्यांच्या तब्येतीबद्दल चिंता व्यक्त केली. साहेबांचं यावर म्हणणं पडलं की वर्णनात जोर कमी आहे. त्यांनी शेवटी "अत्यंत महत्त्वाचे! अचूकपणे वापरावे!" अशी भर घातली. काय अचूक, हे लिहायचं मात्र तसंच राहिलं.

मग मी पुढं झालो, आणि माझीही शोभा झाली. मला वाटलं, आदेश लिहिणं म्हणजे आपला हातखंडा. मी एका टूलसाठी तीन पानं लिहिली. कलम, पोटकलम, अपवाद, अपवादाचा अपवाद. इंजिनियरनं ती जशीच्या तशी घालून चाचणीचा फोन लावला. मीच शेतकरी झालो आणि म्हणालो, "म्हैस व्यायला आलीय, अडलीय." यंत्रानं मला म्हशीचं वय, गोठ्याचा प्रकार, मागच्या भेटीचा नंबर आणि फोन करणाऱ्याचं म्हशीशी नातं विचारलं. हो, नातं. तेही मीच कुठंतरी लिहिलं होतं, ‘मालक की गडी’ अशा अर्थानं. तोवर खरी म्हैस मेली असती. साहेबांना रिकामं लिहायची खोड, तर मला ठासून भरायची. ऐकणाऱ्याची पर्वा दोघांनाही नव्हती.

कोपऱ्यातून फोनवाल्या बाई हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "मेजर, एक इचारू? माझ्या खुर्चीवर उद्या नवी पोरगी बसली, आन मला दोनच मिन्टं असली, तर मी तिला काय सांगीन?"

"काय सांगाल?"

"सांगीन, बाय, हे बटन कवा दाबायचं, कवा दाबायचं न्हाई, आन दाबल्यावर काय हुतं. लोक ‘झालं’ म्हणत्यात, त्याला भुलू नगं. ‘झालं, मेलं मेंढरू’ म्हणत्यात, ती काय भेट झाली न्हवं. समजलं न्हाई तर इचार. आन मनानं नंबर टाकू नगं."

मी लिहून घेत होतो. त्या जे बोलल्या त्यात मी शब्द तेवढे छापील केले, एकही जास्त घातला नाही. ‘भेट संपवा’ खाली आता असं आलं:

"डॉक्टर जनावरापर्यंत पोहोचले आणि उपचार करून गेले, असं पशुपालकानं स्वतः सांगितलं तरच वापरा. वापरल्यावर ही भेट गाडीच्या यादीतून निघून जाते आणि परत आणता येत नाही. डॉक्टर आले नाहीत, उशीर झाला, किंवा जनावर दगावलं असं सांगितलं तर वापरू नका. त्यासाठी ‘गाडी कुठे आहे’ वापरा. नुसतं ‘झालं’ म्हटलं तर काय झालं ते आधी विचारा. भेटीचा नंबर लागतो. तो माहीत नसेल तर अंदाजानं घालू नका, ‘भेट शोधा’ वापरून मिळवा."

हे काही वाङ्मय नव्हे. पण चाचणीत त्याच मोठ्या मॉडेलनं माणच्या बाईचं बोलणं ऐकून गाडी शोधली, ती कुठं अडकलीय ते सांगितलं आणि भेट तशीच ठेवली. मग इंजिनियरनं जुनं, लहान मॉडेल परत लावून बघितलं. त्यानंही तेच केलं.

त्यानंतर पंधरा दिवस आम्ही तिघं एकेका टूलच्या मागं लागलो. ‘साहाय्य’ आणि ‘साहाय्य प्लस’ मधलं प्लस उडवलं. व्याप्ती कुणाला सापडलीच नाही. एक टूल नुसतं ‘तारीख’ मागत होतं. लोक सांगायचे "परवा", आणि यंत्र कधी कालच्या आधीचा दिवस धरायचं तर कधी उद्यानंतरचा. तिथं लिहिलं की पुढचीच तारीख घ्यायची, दिवस, महिना, वर्ष अशी, आणि ती माणसाला परत वाचून दाखवायची. प्रत्येक वर्णन झालं की मी ते लोणंदच्या ड्रायव्हरला फोनवर वाचून दाखवायचो. त्याला टूलाबिलातलं काही कळत नाही. मी विचारायचो, "एवढं ऐकून तू काय करशील?" तो चुकला की मी खोडायचो. एकदा तो वैतागून म्हणाला, "मेजर, असं साधं आधीच का न्हाई लिहीत तुमी लोकं?" मी पुढचं वर्णन वाचायला घेतलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला शोभणारं नव्हतं.

यंत्र आता कधीच चुकत नाही, असं मी म्हणणार नाही. चुकतं. पण चुकलं की आम्हाला वाक्य सापडतं, कुठल्या शब्दानं घात केला ते दाखवता येतं. बाईंचं टेबल कोपऱ्यातून पुढं आलं. इंजिनियरनं भांडून त्यांना रोजचे कॉल ऐकण्याचं आणि वर्णनं तपासण्याचं काम मिळवून दिलं. माणच्या बाईकडे आम्ही डॉक्टरांना पुढं महिनाभर पाठवत राहिलो, उरलेली मेंढरं सावरली. कंपनीनं तिला दिलगिरीचं पत्र पाठवलं. ते साहेबांनी लिहिलं होतं. त्यात ‘आपल्या पशुधनाच्या प्रवासात’ असे शब्द होते. सोबत कंपनीचं कॅलेंडर. मी तिला फोन करून विचारलं, पत्र मिळालं का. म्हणाली, "मिळालं. काय म्हणायचंय त्यात?" मी सांगितलं, "चुकलो म्हणायचंय." "मग तसंच लिवायचं की," ती म्हणाली.

पुढं साताऱ्यात हायवेलगतच्या एका हॉटेलात साहेबांचं भाषण झालं. विषय, ग्रामीण भागातला एआय. आम्हालाही नेलं होतं, जेवणाच्या मागच्या टेबलावर. हात हलवत ते सांगत होते की योग्य मॉडेल निवडणं हेच यशाचं रहस्य. लोक टाळ्या वाजवत होते. इंजिनियर माझ्याकडं न बघता पुरणपोळी खात होती. फोनवाल्या बाईंनी विचारलं, "मेजर, ह्ये आपल्याच कंपनीचं सांगत्यात व्हय?"

भाषण संपल्यावर साहेब आमच्या टेबलाशी आले. टूलची वर्णनं आता पाहुण्यांना दाखवायची आहेत, पण त्यात ‘वापरू नका’ फार वेळा येतं असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. "नकारात्मक वाटतं," ते म्हणाले. "तेवढं काढून टाका."

"काढतो," मी म्हणालो.

इंजिनियरनं पाहुण्यांसाठी वेगळी फाइल केली. तीत सगळीकडे ‘अत्याधुनिक’ आहे, आणि एकही ‘वापरू नका’ नाही. साहेब तीच दाखवतात. यंत्र वाचतं ती फाइल निराळी, आणि ती त्यांनी अजून उघडून बघितलेली नाही.